रस्त्याचे रूप आणि नगररचनेचे नियम

एखाद्या रस्त्याने चालताना बरे वाटले की त्याचे श्रेय आपण तिथल्या देखण्या इमारतींना देतो, आणि रस्ता नकोसा वाटला की वास्तुरचनाकारांच्या अभिरुचीला बोल लावतो. माझ्या मते हे निदान चुकते. रस्त्याचे दृश्य रूप बहुतांशी अशा गोष्टींतून घडते ज्यांच्याकडे कोणी कौतुकाने वळून पाहत नाही. इमारती रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर उभ्या आहेत, रस्त्याच्या रुंदीच्या मानाने त्या किती उंच आहेत, तळमजल्यावर दारे-खिडक्या आहेत की कोरी भिंत, पाट्या केवढ्या आहेत, तारा डोक्यावरून गेल्या आहेत की जमिनीखालून, आणि झाडांना मुळे पसरायला जागा ठेवली आहे की नाही, यावर रस्ता कसा दिसणार हे बरेचसे ठरून जाते. या सगळ्या गोष्टी मोजता येतात आणि नियमावलीत लिहिता येतात. त्या लिहिल्या नाहीत तर प्रत्येक मालक आपापल्या सोयीने त्या ठरवतो, आणि पंचवीस वर्षांनी जे उभे राहते ते कोणालाच हवे नव्हते असे निघते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की नगररचनेने या मोजक्या बाबी आधीच आणि ठामपणे ठरवाव्यात. इमारतीच्या शैलीच्या बाबतीत मात्र शक्य तितका हात आखडता घ्यावा.

पॅरिसचे उदाहरण सगळेच देतात, पण त्यातला महत्त्वाचा भाग सहसा सुटतो. तिथले मुख्य प्रशासक ओस्मान यांनी १८५३ ते १८७० या काळात त्या शहरातून रुंद रस्ते काढले हे प्रसिद्ध आहे. त्या रस्त्यांवरची एकसारखी दिसणारी घरे मात्र अनेक मालकांनी, अनेक वास्तुरचनाकारांकडून, वेगवेगळ्या वर्षी बांधून घेतलेली आहेत. त्यांना एका ओळीत आणले ते नियमांनी. रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांची सांगड घालणारा नियम तिथे १७८३-८४ मध्येच आला होता. १८५९ च्या आदेशाने वीस मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर दर्शनी भिंत वीस मीटरपर्यंत नेण्याची मुभा दिली, आणि त्यावरचे छत ४५ अंशांच्या तिरक्या रेषेच्या आत ठेवायला लावले. या एका वाक्याच्या नियमातून छताची ती कललेली, रस्त्यावर प्रकाश सोडणारी कडा तयार झाली. लंडनमध्ये १६६६ च्या आगीनंतर १६६७ च्या कायद्याने घरांचे चार प्रकार ठरवले: गल्लीबोळात दोन मजले, नावाजलेल्या रस्त्यांवर तीन, हमरस्त्यांवर चार, आणि चौथा प्रकार रस्त्यापासून मागे असलेल्या श्रीमंतांच्या वाड्यांचा. बांधकाम विटेचे किंवा दगडाचे असावे, अशी सक्तीही त्यातच होती. हा कायदा करणाऱ्यांच्या मनात आग होती, सौंदर्य दुय्यम होते. तरीही रस्त्यांना जी शिस्त आली ती पुढच्या कैक पिढ्यांना देखणी वाटत राहिली. जुन्या शहरांतल्या ज्या रस्त्यांचे फोटो आपण आवडीने पाहतो, त्यांतले कितीतरी आग, हवा आणि उजेड यांच्या नियमांतून घडलेले आहेत.

उंची आणि रुंदी यांचे गुणोत्तर इतके महत्त्वाचे का, हे पायी चालणाऱ्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. दोन्ही बाजूंच्या इमारती रस्त्याच्या रुंदीइतक्या किंवा तिच्या निम्म्या उंचीच्या असल्या, तर रस्ता भिंती असलेल्या खोलीसारखा बंदिस्त आणि तरी मोकळा वाटतो. चाळीस मीटर रुंद रस्त्याकडेला एकमजली गाळे असतील, तर ती जागा रस्ता वाटतच नाही, नुसते मोकळे पटांगण वाटते, आणि वाहने तिथे आपोआप वेग घेतात. अशा ठिकाणी झाडांची दुहेरी रांग इमारतींचे राहिलेले काम पूर्ण करते. झाडे ही सजावट समजून शेवटी लावायची गोष्ट नव्हे, असे मी आग्रहाने म्हणतो ते यामुळेच: रुंद रस्त्याच्या छेदात झाडांची रांग, तिच्या मुळांसाठीची माती आणि जमिनीखालच्या वाहिन्या यांची जागा एकाच वेळी आखावी लागते. वाहिन्या आधी टाकून झाल्या की झाडांसाठी उरतो तो पदपथातला काँक्रीटचा चौकोनी खड्डा, ज्यात कोणतेही मोठे झाड नीट वाढत नाही.

यानंतरचा प्रश्न इमारत रेषेचा, म्हणजे दर्शनी भिंत कोणत्या रेषेवर उभी राहावी याचा, आणि बहुतेक आधुनिक नियमावल्या इथेच रस्त्याचे सर्वांत जास्त नुकसान करतात. चटई क्षेत्र निर्देशांक एखाद्या भूखंडावर किती बांधायचे ते सांगतो. ते बांधकाम कुठे उभे करायचे याबद्दल तो गप्प असतो. सामासिक अंतराचा नियम किमान किती मागे सरका एवढेच सांगतो, जास्तीत जास्त किती मागे जाता येईल हे सांगत नाही. त्यामुळे शेजारी-शेजारी तीन इमारती असतील तर पहिली रस्त्याला लागून, दुसरी सहा मीटर आत आणि तिसरी गाड्यांच्या वळणासाठी बारा मीटर आत, असे होते. मधल्या जागेत कुंपणभिंती येतात, आणि रस्त्याची कड पडक्या दातांसारखी दिसू लागते. रस्ता पुढे रुंद करण्यासाठीची रेषा आखली की हे आणखी वाढते, कारण पुनर्बांधणी करणारा मागे सरकतो, शेजारचा जुना मालक जागेवरच राहतो, आणि ही अर्धवट अवस्था संपायला दशके लागतात.

हेतू चांगला असूनही नियम किती घात करू शकतो, याचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कमध्ये सापडते. तिथल्या १९१६ च्या नियमावलीने उंच इमारतींना वर जाताना टप्प्याटप्प्याने मागे सरकायला लावले, पण खालचे मजले रस्त्याच्या कडेलाच राहिले, त्यामुळे रस्त्याची भिंत शाबूत राहिली. १९६१ च्या नव्या नियमावलीने इमारतीपुढे लोकांसाठी चौक मोकळा सोडणाऱ्यास वाढीव बांधकाम देऊ केले. बांधकाम व्यावसायिकांनी वाढीव क्षेत्र घेतले आणि बदल्यात दिलेले चौक अनेक ठिकाणी इतके ओकेबोके निघाले की बसायला जागा, झाडे, दुकाने यांचे नियम नंतर जोडावे लागले. मोकळी जागा मिळाली की शहराचा फायदा झालाच, हे समीकरण रस्त्याच्या बाबतीत खरे ठरत नाही. अलीकडे काही शहरांनी उलट बाजूने विचार सुरू केला आहे: आधी रस्त्याचे हवे ते रूप ठरवायचे आणि त्यावरून इमारतींचे नियम काढायचे. मायामीने २००९ मध्ये संपूर्ण शहरासाठी अशी रूपाधारित नियमावली मंजूर केली. अशा नियमावलीत इमारतीच्या दर्शनी भागाचा अमुक इतका हिस्सा ठरलेल्या रेषेवर आलाच पाहिजे, अशी अट असते. मला हा मार्ग पटतो, कारण त्यात वास्तुरचनाकाराला मोकळीक राहते आणि तरीही रस्त्याची कड सलग राहते.

एका ओळीचा नियम शतकानुशतके कसा टिकतो हे पाहायचे असेल तर इटलीतील बोलोन्या पाहावे. तिथे १२८८ च्या नगर-नियमाने नव्या घरांना रस्त्याच्या बाजूने कमानींची ओसरी बांधणे बंधनकारक केले, आणि तिची उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे सुमारे २.६६ मीटर, ठरवून दिली, जेणेकरून घोडेस्वारालाही खालून जाता यावे. ओसरीची जमीन घरमालकाची, वापर मात्र सर्वांचा, आणि देखभाल पुन्हा मालकाकडे, असा तो व्यवहार होता. आज त्या शहरात अशा सुमारे ६२ किलोमीटर ओसऱ्या आहेत आणि २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. जवळून पाहिले तर एका ओसरीचे खांब दगडी, दुसरीचे विटेचे, काही ठिकाणी अजून लाकडाचेही; कमानींचा घाट आणि रंग घरागणिक बदलतो. नियमाने यांतले काहीच ठरवले नव्हते. त्याने फक्त चालण्याची जागा, तिची उंची आणि तिचे सलगपण ठरवले, आणि तेवढ्यावर एका शहराची ओळख उभी राहिली. सिंगापूरमध्ये ब्रिटिश प्रशासक रॅफल्स यांच्या १८२२ च्या आराखड्यातील सूचनांनी दुकानघरांपुढे सलग, आच्छादित आणि कायम खुली राहील अशी पडवी ठेवायला लावली. त्या पडव्यांची कथाही अशीच आहे.

आता तळमजल्याकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवे. चालणाऱ्या माणसाची नजर समोर आणि किंचित खाली असते. चौथ्या मजल्यावरचे नक्षीकाम त्याला दिसत नाही, पण हाताच्या अंतरावरची भिंत त्याच्याबरोबर पावलोपावली चालते. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी अनेक वर्षे रस्त्यांवर माणसांची वर्तणूक नोंदवून रस्त्याकडेच्या दर्शनी भागांची प्रतवारी केली. त्यांच्या मते शंभर मीटरमध्ये पंधरा ते वीस लहान दुकाने किंवा दारे असली की रस्ता जिवंत राहतो. दोनपेक्षा जास्त दारे नसतील तर माणसे तिथून फक्त भराभर निघून जातात. आता एखाद्या नव्या मोठ्या संकुलाची रस्त्याकडची बाजू डोळ्यांसमोर आणावी. आधी आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे दोन उतार, त्यांच्यामध्ये रखवालदाराची खोली, मग रोहित्राची जाळी, जनित्राच्या गरम हवेचे तोंड, पाण्याच्या टाकीचे झाकण, आणि उरलेल्या लांबीत वाहनतळाची लोखंडी जाळी किंवा डोक्याएवढी कोरी भिंत. वरची इमारत कितीही उत्तम असो, रस्त्याच्या वाट्याला तिची मागची बाजू आली. यातला प्रत्येक घटक कोणत्या ना कोणत्या नियमाने तिथे आलेला असतो: वाहनतळाची किमान संख्या, अग्निशमनाचा मार्ग, वीज कंपनीची अट. एकेक नियम योग्य, पण सगळ्यांची बेरीज रस्त्यावर कशी दिसेल हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. दर्शनी लांबीपैकी किती भाग यंत्रसामग्रीला आणि गाड्यांच्या वाटेला द्यायचा, यावर मर्यादा घालणारा आणि तळमजल्याला ठराविक अंतरावर दार असलेच पाहिजे असे सांगणारा नियम लिहिणे मुळीच अवघड नाही. शैलीबद्दलच्या दहा पानी मार्गदर्शक सूचनांपेक्षा या दोन ओळींचा परिणाम जास्त होईल.

पाट्या आणि जाहिरात फलक यांच्याबाबत धाडस करण्याचे काम ब्राझीलमधील साओ पाउलोने केले. तिथे ‘स्वच्छ शहर’ कायदा २००६ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २००७ पासून लागू झाला. महापौर झिल्बेर्तू कासाब यांच्या प्रशासनाने खाजगी जागांवरील जाहिरात फलक सरसकट बंद केले आणि हजारो फलक उतरवले. दुकानांच्या स्वतःच्या पाट्यांना परवानगी राहिली, पण दर्शनी भागाच्या लांबीवर बेतलेल्या मापात: दहा मीटरपर्यंतच्या दुकानाला दीड चौरस मीटर, दहा ते शंभर मीटरला चार चौरस मीटर. या कायद्याचा मला भावणारा गुण म्हणजे पाट्यांच्या या मापांत समितीच्या मर्जीला जागा नाही. टेप लावून मोजा आणि ठरवा. फलक उतरल्यावर त्यांच्यामागे दडलेल्या तडे गेलेल्या भिंती, वातानुकूलन यंत्रांच्या रांगा आणि वस्त्यांची दुरवस्थाही उघडी पडली; म्हणजे रस्ता लगेच सुंदर झाला असे नाही, पण काय दुरुस्त करायचे आहे ते दिसू लागले. काही वर्षांनी बसथांबे आणि रस्त्यांवरची घड्याळे यांच्यावर मर्यादित जाहिराती परत आल्या, त्याही त्यांच्या देखभालीच्या कराराच्या बदल्यात. सरसकट बंदीनंतर विचारपूर्वक थोडी सूट देणे, हा क्रम मला उलट क्रमापेक्षा फार चांगला वाटतो. आधी सगळे मोकळे सोडून मग एकेक फलक हटवायला निघालेल्या शहराला प्रत्येक फलकामागे एक करार आणि एक दावा भेटतो.

वेळेचा हा मुद्दा किती निर्णायक असतो, ते जपानमधील कुनिताची या टोकियोलगतच्या शहराच्या प्रकरणातून दिसते. तिथल्या विद्यापीठ मार्गावर चेरी आणि गिंको यांची सुमारे वीस मीटर उंचीची झाडे आहेत, आणि आसपासच्या इमारती झाडांच्या वर जाणार नाहीत अशी काळजी रहिवाशांनी वर्षानुवर्षे घेतली होती. हा संकेत होता, कायदा नव्हता. तिथे चौदा मजली, सुमारे ४४ मीटर उंचीच्या निवासी इमारतीचा प्रस्ताव आला, तेव्हा शहराने वीस मीटरची मर्यादा घालणारा नियम घाईघाईने केला. तो फेब्रुवारी २००० मध्ये लागू झाला, पण बांधकाम त्याच्या आधी, जानेवारीतच सुरू झालेले होते. रहिवासी न्यायालयात गेले. २००२ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने रस्त्याकडच्या भागातील वीस मीटरवरचे बांधकाम पाडण्याचा आदेश दिला आणि देशभर खळबळ उडाली. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चांगल्या दृश्य परिसराचा लाभ हे कायद्याने जपण्याजोगे हित आहे, हे तत्त्व मान्य केले. पण या इमारतीने ते हित बेकायदा रीतीने डावललेले नाही, असेही सांगितले. इमारत राहिली. तत्त्व जिंकले आणि रस्ता हरला, तो काही आठवड्यांच्या उशिरामुळे.

दरम्यान २००४ मध्ये जपानने दृश्य परिसराविषयीचा राष्ट्रीय कायदा केला आणि स्थानिक संस्थांना रंग, रूप, उंची यांबाबत बंधनकारक आराखडे करण्याचा अधिकार दिला. क्योटोने त्याचा पुरेपूर उपयोग केला. तिथल्या २००७ च्या धोरणाने मध्यवर्ती भागातील मुख्य रस्त्यांवरील उंचीची मर्यादा ४५ मीटरवरून ३१ वर आणि आतल्या गल्ल्यांमध्ये ३१ वरून १५ वर आणली, गच्चीवरचे फलक आणि लुकलुकणारे दिवे सगळ्या शहरात बंद केले, आणि डोंगर, मंदिरे, नद्या यांच्याकडे जाणाऱ्या ३८ दृश्यरेषा संरक्षित ठरवल्या. जुने फलक काढायला सात वर्षांची मुदत दिली. मुदतीची ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. व्यापाऱ्याला नवी पाटी एरवीही काही वर्षांनी करावीच लागते, ती त्याने नव्या मापात करावी एवढेच शहराने मागितले.

शैलीबद्दल माझे मत सुरुवातीलाच सांगितले, त्याला थोडे स्पष्टीकरण हवे. रंग किंवा नक्षी ठरवून रस्त्याला एकसंधपणा आणता येतो, यात शंका नाही. जयपूरच्या बाजारपेठांना १८७६ मध्ये दिलेला गुलाबी रंग हे त्याचे ठळक उदाहरण म्हणून सांगितले जाते. पण तो रंग शोभतो तो १७२७ पासून आखलेल्या रुंद, सरळ रस्त्यांवर आणि एका मापात बांधलेल्या दुकानांच्या ओळींवर. ती मूळ आखणी नसलेल्या ठिकाणी नुसता रंग दिला, तर दोन पावसाळ्यांत काय उरते ते सगळ्यांनी पाहिलेले आहे. जुन्या कमानींची काँक्रीटमधली नक्कल करायला लावणारे नियम तर मला अधिकच घातक वाटतात, कारण त्यामुळे खऱ्या जुन्या इमारतीची किंमत कमी होते आणि नव्या वास्तुरचनाकाराची बुद्धी गहाण पडते. शिवाय अशा नियमांचा अर्थ लावायला समिती लागते, आणि समितीचा निकाल अर्जदार कोण आहे यावर अवलंबून राहण्याचा धोका कायम असतो. वारसा परिसरांची गोष्ट वेगळी. तिथे जाणकारांच्या समितीला पर्याय नाही. पण शहराचा वारसा नसलेला भाग कितीतरी पटींनी मोठा असतो आणि लोकांचे रोजचे येणे-जाणे तिथूनच होते.

खाजगी मालकांवर एवढी बंधने घालताना सार्वजनिक संस्थांनी स्वतःकडेही पाहायला हवे. पदपथाच्या मधोमध रोवलेली वीजपेटी, एकाच चौकात वेगवेगळ्या खात्यांनी उभारलेले सात खांब, रस्ता झाल्यावर महिनाभरात खणलेला चर, उद्घाटनाच्या शुभेच्छांचे फलक, यांतले काहीही दुकानदाराने केलेले नसते. पॅरिसमध्ये १८५२ च्या आदेशाने घरमालकाला, प्रशासनाने फर्मावल्यास, दर दहा वर्षांनी किमान एकदा दर्शनी भिंत स्वच्छ करणे बंधनकारक केले. तसाच देखभालीचा नियम रस्त्यावर काहीही उभारणाऱ्या प्रत्येक खात्याला लागू व्हावा, आणि नवा खांब उभा करण्याआधी जुन्या खांबाचा वापर का होत नाही याचे लेखी कारण त्याला द्यावे लागावे, असे मला मनापासून वाटते.

या सगळ्याला किंमत आहे, आणि ती लपवणे योग्य नाही. उंची कमी ठेवली की घरे कमी बांधली जातात. घरे कमी झाली की भाडे वाढते आणि तरुण कुटुंबे शहराबाहेर जातात. क्योटोला हा अनुभव आला, आणि २०२३ मध्ये तिथल्या प्रशासनाने रेल्वे स्थानकाच्या दक्षिणेकडील आणि शहराच्या कडेच्या काही भागांत उंचीची मर्यादा शिथिल केली, जुन्या मध्यवर्ती भागातील मात्र कायम ठेवली. कोणत्या रस्त्यावर सूट द्यायची आणि कोणत्या रस्त्यावर नाही, हे नकाशावर भागनिहाय ठरवून सर्वांसाठी एकदम जाहीर केले. एकेका भूखंडाच्या अर्जावर स्वतंत्र सवलत देण्याची पद्धत असती, तर पंधरा वर्षे जपलेल्या रेषा पहिल्या मोठ्या प्रस्तावालाच मोडल्या असत्या, आणि ज्या दुकानदारांनी आपापल्या पाट्या स्वखर्चाने उतरवल्या होत्या त्यांना कोणते उत्तर द्यायचे, हा प्रश्न प्रशासनापुढे उभा राहिला असता.